इनबोर्ड इंजिन तापतंय? पाण्याच्या वाटेने शोधत जा

बोटीचं इंजिन तापायला लागलं की नवे बोटवाले बहुधा थर्मोस्टॅटपासून, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेपासून, सुरुवात करतात, कारण मोटारीच्या दुरुस्तीत ते नाव कानावरून गेलेलं असतं. तो बदलून झाला की कूलंट, मग सेन्सर, मग पंप. भाग बदलत राहतात आणि तापमानाचा काटा पुन्हा तिथेच जाऊन बसतो. मोटारीचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, इंजिन बंदिस्त खोलीत असतं, त्याला समोरून वारा लागत नाही आणि बहुतेक बोटींत रेडिएटर नसतो. इंजिनाला नको असलेली उष्णता शेवटी बोटीखालच्या पाण्यातच टाकायची असते. हे पाणी तळातून आत येतं, ठरलेल्या वाटेने फिरतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. बिघाड बहुतेक वेळा याच वाटेवर असतो: पाणी कुठेतरी अडतं, कमी पडतं किंवा त्यात हवा शिरते. म्हणून शोधही त्याच क्रमाने घ्यायचा. पाणी जिथून आत येतं तिथून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा तपासत एक्झॉस्टच्या तोंडापर्यंत जायचं.

तापल्याचा भोंगा वाजला त्या क्षणी

इंजिनाआधी बोट कुठे आहे ते पाहा. खडक, उथळ जागा किंवा जवळून जाणारं मोठं जहाज असेल तर आधी त्यातून बाहेर पडण्याचा विचार करा. मग थ्रॉटल मागे घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि मागे जाऊन एक्झॉस्टच्या तोंडाकडे बघा. या एका नजरेत निम्मा तपास होतो.

पाणी नेहमीसारखं उसळत बाहेर पडत असेल, तर दोन-तीन मिनिटं इंजिन न्यूट्रलमध्ये हळू चालू द्या. फिरतं पाणी साठलेली उष्णता काढून नेतं. तडक बंद केलं तर पाणी जागच्या जागी थांबतं आणि हेडमधलं (सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणातलं) तापमान उलट थोडा वेळ चढतं. हळू चालवूनही काटा वरच जात असेल तर मात्र बंद करा.

पाणी अजिबात येत नसेल, किंवा नुसती वाफ आणि एरवीपेक्षा कोरडा, मोठा आवाज येत असेल, तर इंजिन लगेच बंद करा. इंजिनातून निघणारा धूर काही शे अंश तापलेला असतो. पुढच्या रबरी होसला आणि मफलरला तो सोसवतो, कारण वाटेत त्यात पाणी मिसळून त्याला थंड केलं जातं. पाणी थांबलं की होस आतून करपते, मफलर प्लास्टिकचा असेल तर मऊ पडतो. होस फुटली तर विषारी धूर आणि बाहेरचं पाणी दोन्ही बोटीच्या पोटात येतात. म्हणून कोरडं चाललेलं इंजिन दुरुस्तीनंतर सुरू करताना एक्झॉस्टची होस सगळीकडून हाताने चाचपून बघा. कुठे मऊ, फुगलेली किंवा पापुद्रे सुटलेली वाटली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

इंजिन बंद झालं की शीड असेल तर चढवा, नसेल तर नांगर टाका. मगच इंजिनाचं झाकण उघडा.

तीन गोष्टी काही झालं तरी करायच्या नाहीत. गरम इंजिनाच्या कूलंट टाकीचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर येतं. यात माणसं वाईट भाजतात. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, त्याने ओतीव धातूला तडा जाऊ शकतो. आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी इंजिनखोलीतली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर किमान 4 मिनिटं चालवल्याशिवाय आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, वाकून वास घेतल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली तळाशी साठते.

तुमच्या इंजिनाची रचना कोणती

तपास सुरू करण्याआधी एवढं माहीत हवं. रचना मुख्यतः दोन.

पहिलीत बाहेरचं पाणी थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरतं आणि बाहेर जातं. अशा इंजिनाला कूलंटची टाकी नसते. समुद्रात वापरायच्या अशा इंजिनांचा थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाचा, साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसचा असतो, कारण त्याच्या वर खाऱ्या पाण्यातले क्षार धातूवर भराभर बसायला लागतात. कुणी 'इंजिन नीट तापत नाही' म्हणून यात मोटारीचा 82 अंशांचा थर्मोस्टॅट बसवला, तर आतल्या वाटा क्षारांनी बुजत जातात.

दुसऱ्या रचनेत पाण्याचे दोन वेगळे फेरे असतात. आतल्या फेऱ्यात कूलंट इंजिनातून फिरतं; बाहेरच्या फेऱ्यात समुद्राचं पाणी येतं. दोघांची गाठ हीट एक्स्चेंजरमध्ये पडते, पण ती एकमेकांत मिसळत नाहीत: बारीक नळ्यांच्या जुडग्यातून बाहेरचं पाणी जातं, नळ्यांभोवती कूलंट फिरतं आणि उष्णता नळीच्या भिंतीतून पलीकडे जाते. इथे थर्मोस्टॅट साधारण 71 ते 82 अंशांचा असतो. इंजिनावर दाबाचं झाकण असलेली टाकी दिसली तर तुमची रचना ही आहे. आजच्या बहुतेक डिझेल इनबोर्डमध्ये हीच सापडते, म्हणून पुढचं विवेचन तिला धरून आहे. थेट पाण्याच्या इंजिनवाल्यांनी हीट एक्स्चेंजर आणि कूलंटचा भाग सोडून बाकी सगळं जसंच्या तसं वापरावं.

तापण्याची तऱ्हा

हत्यार उचलण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. ते नुसतेच विचारण्यासारखे नाहीत, त्यांची उत्तरं कागदावर लिहा.

एक, हे अचानक झालं की हळूहळू? काल सगळं ठीक होतं आणि आज पाचव्या मिनिटाला भोंगा वाजला, तर तळाच्या तोंडावर अडकलेली पिशवी, बंद राहिलेला सीकॉक (तळाची तोटी), तुटलेला इम्पेलर (पंपातलं रबरी चक्र), तुटलेला पट्टा किंवा फुटलेली होस यांपैकी काहीतरी असतं. काटा महिनोन्महिने थोडा थोडा वर सरकत आला असेल तर क्षार, काजळी, तळावर वाढलेले शिंपले किंवा झिजलेला पंप शोधायचा.

दुसरा, कोणत्या वेगाला तापतं? हळू चालताना ठीक आणि जोर लावला की तापतं, याचा अर्थ पाणी येतंय पण पुरत नाही, किंवा इंजिनावर भार जास्त पडतोय. हळू चालतानाही तापत असेल तर पाणी जवळजवळ बंद आहे किंवा कूलंट फिरतच नाही. शिडाची बोट एका बाजूला कलली की तापते आणि सरळ झाली की निवते, तर पाणी घेण्याचं तोंड पाण्याबाहेर येत असणार.

काटा खरं सांगतोय का

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते आधीच करावं. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घराजवळ धरा. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचा, सहसा कमी आकडा दाखवतं. तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा. काटा 100 म्हणतोय आणि थर्मामीटर 78, तर इंजिन ठीक आहे आणि विजेच्या बाजूला गडबड आहे.

सेंडर म्हणजे इंजिनावर बसवलेला, काट्याला तापमान कळवणारा भाग. बहुतेक साध्या सेंडरचा विद्युतरोध तापमान वाढलं की कमी होतो. त्यामुळे सेंडरची वायर सोलली जाऊन इंजिनाला टेकली की काटा एकदम शेवटापर्यंत जातो. खरं इंजिन असं क्षणात तापत नाही. किल्ली चालू ठेवून सेंडरवरची वायर काढून बघा: काटा खाली आला तर गेज आणि तिथवरची वायर ठीक आहे, संशय सेंडरवर. वर तसाच राहिला तर वायर कुठेतरी टेकलीय.

तळापासून सुरुवात: सीकॉक आणि गाळणी

सीकॉक म्हणजे तळाच्या भोकावरची तोटी. दांडा पाइपाच्या दिशेत असेल तर उघडी, आडवा असेल तर बंद. बंद सीकॉकवर इंजिन सुरू करणं ही फार सामान्य गोष्ट आहे, म्हणून अनेक जण सीकॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच्या दांड्यालाच अडकवून ठेवतात. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

सीकॉक उघडा आहे, तरी पाणी येतंय का? सीकॉक बंद करा, गाळणीकडे जाणारी होस गाळणीच्या बाजूने सोडा, पाण्याच्या पातळीच्या खाली बादलीत धरा आणि सीकॉक हळूच उघडा. हाताशी लाकडी बूच असू द्या. पाणी जोरात यायला हवं. नुसतं झिरपत असेल तर तळाच्या तोंडाशी काहीतरी आहे: प्लास्टिक, शेवाळ, शिंपले. हातपंपाने होसमधून उलटी हवा मारली की पिशवी किंवा शेवाळ सुटून जातं. शिंपल्यांसाठी कुणीतरी पाण्यात उतरून खरवडावं लागतं. उतरण्याआधी इंजिनाची किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात किंवा त्याच्या नजरेसमोर असली पाहिजे.

पुढे गाळणी. सीकॉक बंद करून झाकण काढा, जाळी धुवा. कचरा सगळ्यांना दिसतो. लोकांच्या लक्षात येत नाही ते झाकणाचं रबर. गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेली असेल तर पंप पाणी ओढत असताना तिच्या आत हवेपेक्षा कमी दाब असतो. रबर चिरलं असेल तर तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं आणि पंपाला मात्र अर्धं पाणी, अर्धी हवा मिळते. पारदर्शक भांड्यात सतत बुडबुडे फिरताना दिसले तर हेच समजा. रबराला सिलिकोन ग्रीसचा पातळ हात फिरवून झाकण पुन्हा बसवून बघा; फरक पडला तर नवीन रबर घ्या.

पंपाकडे जाणारी होसही बघा. तारेचा वेढा नसलेली, जुनी, मऊ झालेली होस ओढीने आत चेपते, आणि इंजिन बंद केलं की पुन्हा गोल होते. म्हणून ती इंजिन चालू असताना, कुणाला तरी थ्रॉटल थोडा वाढवायला सांगून बघावी लागते. सैल बाही, ओढणी, मोकळे केस पट्ट्यांपासून दूर ठेवा.

इम्पेलर

तापण्याच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा जो भाग सापडतो तो हा. नव्या माणसाने तो स्वतः बदलायला शिकलाच पाहिजे, तोही बंदरात, सावकाश. लाटांवर डोलत पहिल्यांदा नव्हे.

बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं एक चक्र असतं. पंपाच्या घराची एक बाजू किंचित आत आलेली असते. तिथून जाताना पाती वाकतात, पुढे पुन्हा उघडतात आणि त्या उघडण्याने पाणी ओढलं जातं. पात्यांना वंगण म्हणून पाणीच असतं. पाणी नसेल तर घर्षणाने रबर मिनिटाभरात खराब होऊ शकतं, आणि बोट बरेच महिने उभी असेल तर वाकलेली पाती तशीच कायमची वाकून बसतात.

सीकॉक बंद करा. पंपाच्या तोंडावरच्या पत्र्याचे स्क्रू काढा. ते पितळी आणि लहान असतात आणि हमखास बिल्जमध्ये पडतात, म्हणून खाली एक जुना टॉवेल अंथरा. पत्रा काढण्याआधी आणि काढल्यावर मोबाइलने फोटो घ्या. पाती कोणत्या बाजूला वाकलीत ते त्यात दिसतं. इम्पेलर ओढायला त्याच्यासाठी मिळणारा पुलर उत्तम. दोन पकडींनी मधला गाभा धरून सरळ बाहेर ओढला तरी चालतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर पंपाच्या घराच्या मऊ धातूवर ओरखडा पडतो आणि नवा इम्पेलरही नीट ओढत नाही.

बाहेर आला की पाती मोजा. एक जरी कमी असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. रबर विरघळत नाही. तुकडा पाण्याबरोबर पुढे गेलेला असतो आणि पहिल्या अरुंद जागेत अडकलेला असतो: पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीच्या वाकणात, गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरच्या तोंडाशी किंवा हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांवर. नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापतच राहिलं, असं ऐकलं की मला पहिला संशय याच तुकड्यांचा येतो. पंपापासून पुढची होस काढा, उलट्या बाजूने पाणी मारा, सापडलेले तुकडे टेबलावर मांडून जुन्या इम्पेलरशी जुळवा आणि पूर्ण पातं तयार होईपर्यंत शोधा.

सगळी पाती जागेवर असली तरी प्रत्येक पातं बोटाने वाकवून बघा. मुळाशी बारीक चीर असेल, टोक झिजून सपाट झालं असेल किंवा रबर कडक झालं असेल तर बदला. मधला पितळी गाभा रबरापासून सुटलेला नाही ना, हेही पाहा. तसं असेल तर दांडा फिरतो, रबर जागच्या जागी राहतं आणि बघणाऱ्याला इम्पेलर नवा कोरा वाटतो. पत्र्याच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा. गोल चर पडले असतील तर पाणी पात्यांच्या कडेने मागे निसटतं. पत्र्याची दुसरी बाजू गुळगुळीत असेल तर उलटा करून वापरता येतो.

नवा बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा इम्पेलरसोबत आलेलं वंगण लावा. काहीच नसेल तर भांड्यांचा साबण. खनिज तेलाचं ग्रीस नको, काही रबरांना ते फुगवतं. इंजिन ज्या दिशेने पंप फिरवतं त्या दिशेने पिळत आत सरकवा, म्हणजे पाती बरोबर वाकतात. गॅस्केट नवीन लावा. सीकॉक उघडा, इंजिन सुरू करा आणि लगेच एक्झॉस्टकडे बघा. पाणी अर्ध्या मिनिटात आलं नाही तर बंद करून पुन्हा तपासा.

पंपाच्या मानेला खालून एक बारीक भोक असतं. तिथून पाणी ठिबकत असेल तर पाण्याचं सील गेलं, तेल ठिबकत असेल तर तेलाचं. गळतंय म्हणून ते भोक बुजवू नका. पाणी इंजिनाच्या तेलात जाऊ नये यासाठीच ते ठेवलेलं असतं.

इथे एक इशारा, जो कुणी आधी सांगत नाही आणि ज्याने चांगली इंजिनं कायमची निकामी झाली आहेत. दुरुस्तीनंतर इंजिन सुरू होत नसेल आणि तुम्ही स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत असाल, तर सीकॉक बंद ठेवा. स्टार्टरवर फिरतानाही पंप पाणी ढकलतच असतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. पाणी मफलरमध्ये साठतं, वर चढतं आणि एक्झॉस्टच्या झडपांतून सिलिंडरमध्ये शिरू शकतं. इंजिन पेटलं की त्याच क्षणी सीकॉक उघडा.

हीट एक्स्चेंजर

पंप भरपूर पाणी देतोय हे कसं ठरवायचं? पंपाच्या पुढची होस बादलीत सोडून थोडा वेळ इंजिन हळू चालवा आणि ठराविक सेकंदांत किती लिटर आलं ते पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा. हे अगदी थोडाच वेळ करायचं, कारण तेवढ्यात एक्झॉस्ट कोरडा राहतो. प्रवाह चांगला असेल तर पंपापर्यंतचं सगळं निर्दोष. आता पुढे चला.

हीट एक्स्चेंजरच्या दोन्ही टोकांची झाकणं काढता येतात. आत पाहिलं की बारीक नळ्यांची तोंडं दिसतात आणि तिथे इम्पेलरचे तुकडे, शेवाळ, वाळू, क्षारांचे पांढरे खडे आणि जस्ताच्या कांडीचे मोडलेले तुकडे सापडतात. जस्ताची कांडी खाऱ्या पाण्यात धातू कुरतडला जाऊ नये म्हणून स्वतः झिजायला बसवलेली असते. निम्मी झिजली की बदलायची. वेळेवर न बदललेली कांडी मोडते आणि नळ्यांच्या तोंडाशी पडून वाट अडवते.

मऊ घाण लाकडी काडीने काढता येते. धातूची तार नको, नळीची भिंत पातळ असते. घट्ट बसलेले क्षार असतील तर जुडगं बाहेर काढून बोटीच्या इंजिनांसाठी मिळणाऱ्या सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवा. फेस येणं थांबलं की क्षार गेले. आधी जस्ताची कांडी काढा. आम्ल आणि जस्त एकत्र आले की हायड्रोजन वायू निघतो. चष्मा, हातमोजे, मोकळी हवा हवी, आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. जोरकस हायड्रोक्लोरिक आम्ल नव्या माणसाने वापरू नये. ते क्षारांबरोबर धातूही खातं, ॲल्युमिनियम तर फार लवकर. झाकणं बसवताना ओ-रिंग नव्या घाला.

कूलंट कमी होत राहतं पण बिल्जमध्ये थेंबही दिसत नाही, तेव्हा एखादी नळी फुटलेली असू शकते. आतला दाब जास्त असल्याने कूलंट बाहेरच्या पाण्यात जातं आणि एक्झॉस्टवाटे निघून जातं. अशा वेळी जुडगं दाबाखाली तपासून घ्यावं लागतं.

एक्झॉस्टचा एल्बो

वाटेची शेवटची आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा. मिक्सिंग एल्बोमध्ये गरम धूर आणि खारं पाणी एकत्र येतात. काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा थर तयार होतो आणि धुराची व पाण्याची दोन्ही वाट अरुंद होत जाते. बाहेरून एल्बो ठणठणीत दिसतो.

खुणा अशा: तापमान महिन्यांगणिक वाढत आलेलं, धूर काळा, इंजिन पूर्वीइतके फेरे घेत नाही, एल्बोच्या जोडाशी गंजाचे ओघळ. खात्री एकच, ती म्हणजे काढून आत बघणं. पाणी शिरतं ते लहान तोंड आधी तपासा, बहुतेक वेळा तेच बुजलेलं असतं. थर खरवडता येतो, पण खरवडताना धातूच पापुद्र्यांसारखा निघाला तर एल्बो बदला. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनाचा ओतीव लोखंडी एल्बो हा काही वर्षांनी बदलायचाच भाग आहे, कायमचा नव्हे. आतून कुजलेल्या एल्बोतून पाणी उलटं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं.

व्ही आकाराच्या पेट्रोल इंजिनांत दोन बाजूंना धूर गोळा करणारे दोन मॅनिफोल्ड असतात. दोन्हींवर एकाच जागी तापमान मोजा. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम असेल तर अडथळा त्या बाजूला.

बाहेरची वाट मोकळी, तरी तापतंय

आता आतला फेरा. इंजिन पूर्ण गार असताना टाकीचं झाकण उघडा आणि पातळी बघा. नुसत्या विस्तार बाटलीवर भरवसा ठेवू नका. झाकणाचं रबर खराब असेल तर बाटली भरलेली आणि टाकी रिकामी असं होतं. झाकणाचं काम नुसतं बंद करण्याचं नाही. सुमारे 1 बारचा जादा दाब धरला की पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशांना उकळतं. दाब न धरणारं झाकण म्हणजे आधीच उकळणारं आणि बाहेर सांडणारं कूलंट. पुस्तिकेत दिलेल्या दाबाचंच झाकण लावा.

पट्टा बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबावा. पुलीखाली काळी भुकटी पडलेली असेल तर तो घसरतोय. कूलंट फिरवणारा पंप बहुधा याच पट्ट्यावर असतो.

कूलंट नुकतंच बदललं असेल आणि त्यानंतर तापायला लागलं असेल तर आत हवा अडकलीय. बोटीत गरम पाण्याची टाकी इंजिनाच्या कूलंटवर चालत असेल तर तिच्या होस इंजिनापेक्षा उंच जातात आणि हवा तिथे साठते. हवा काढायचे स्क्रू सोडा, उंच जागेतली होस सैल करून भरा, आणि थोडा वेळ चालवून, गार होऊ देऊन पातळी पुन्हा बघा. वेगवेगळ्या जातीचं कूलंट एकत्र मिसळू नका. काही जोड्यांचा गाळ होतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते बिल्जमधून पाण्यात सोडू नका.

मग थर्मोस्टॅट. तो बाहेर काढा, दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या साधारण दहा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. खराब निघाला तर नवा घाला. तो काढून टाकून तसंच चालवणं हा उपाय नव्हे: काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की कूलंट हीट एक्स्चेंजर टाळणाऱ्या बायपासनेच फिरत राहतं आणि इंजिन आणखी तापतं.

एवढं सगळं नीट असेल तर इंजिनावर भार जास्त आहे का ते बघा. बोट ढकलणाऱ्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेला दोर किंवा जाळं, शिंपल्यांनी भरलेला तळ, जास्त मोठा पंखा. पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन पुस्तिकेतल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल तर संशय इकडे न्या. अशा वेळी थंड करण्याची यंत्रणा निर्दोष असते. तिच्याकडे येणारी उष्णताच जास्त असते.

कुठे थांबायचं

इंजिन चालू असताना कूलंटमध्ये एकसारखे बुडबुडे येणं, तेलाच्या कांडीवर दुधाळ फेस, गार इंजिन सुरू केल्याबरोबर होसमध्ये कडक दाब, गोडसर वासाचा न विरणारा पांढरा धूर: यांतलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केट किंवा हेडचा संशय आहे. दुधाळ तेलावर इंजिन चालवू नका, मेकॅनिकला बोलवा. त्याला तुम्ही तपासलेल्या जागांची यादी द्या; त्याचा वेळ आणि तुमचा खर्च दोन्ही वाचतात.

दुरुस्ती लागली की नाही

बोट बांधलेली असताना न्यूट्रलमध्ये चाललेलं इंजिन काही सिद्ध करत नाही. आधी वीस मिनिटं हळू, मग नेहमीच्या वेगाला अर्धा तास, आणि शेवटी थोडा वेळ पूर्ण जोर लावून बघा. प्रत्येक टप्प्यावर थर्मोस्टॅटचं घर, हीट एक्स्चेंजरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या बाहेरच्या पाण्याच्या होस, आणि एल्बोनंतरची एक्झॉस्ट होस यांचं तापमान मोजून वहीत लिहा. शेजारी त्या दिवशीच्या समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि इंजिनाचे फेरेही लिहा, कारण पाणी ऊन असेल तर सगळेच आकडे थोडे वर जातात. ही वही इंजिनाजवळ ठेवा. पुढच्या वेळी काटा वर गेला की याच जागा मोजायच्या. जिथे आकडा पहिल्यांदा बिघडलेला दिसेल, तिथून होस सोडायला सुरुवात करायची.

नवा पट्टा घातला असेल तर तो पहिल्या काही तासांत ताणतो, त्याला पुन्हा एकदा घट्ट करा. आणि ज्या ज्या होस तुम्ही सोडल्या त्यांच्या क्लिपा चाचणीनंतर इंजिन गार झाल्यावर परत आवळा. सीकॉकजवळच्या आधी.